गोधडी : वापरायची की ठेवायची?

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, ‘अहो, मागच्या वेळी पेशवाईतले कागद, आणि आता गोधडी? घसरण झाली की तुमची!’ आम्ही म्हटलं, कागदांना दफ्तर मिळाले म्हणून ते राहिले. गोधडीला दफ्तर नाही, म्हणून तिच्याबद्दल बोलायचे. शिवाय या विषयामागे एक घरगुती भानगडही आहे. ती आधी सांगून टाकतो.

आई गेल्यावर वर्षभराने आम्ही भावंडांनी तिचे कपाट आवरायला घेतले. रेशमी साड्या वाटल्या गेल्या, त्यात वाद झाला नाही. प्रश्न आला तो रोजच्या वापरातल्या सुती पातळांचा. विटलेली, मऊ, काही ठिकाणी विरलेली. नेसण्यासारखी नव्हती, आणि टाकवत नव्हती. धाकट्या बहिणीने दोन पातळे उचलली आणि एका दुकानात दिली. हल्ली आठवणींच्या गोधड्या करून देतात, तसे दुकान. कोणते ते सांगत नाही. तीन आठवड्यांनी गोधडी आली. दिसायला सुरेख! पातळांचे चौकोन कापलेले, मध्ये पॉलिएस्टरचा भरणा, वरून मशीनची नक्षी. पण काठ कुठे? विचारले तर उत्तर आले, काठ जाड असतात, मशीनखाली अडतात, म्हणून काढले. परत मागितले तर ते कचऱ्यात गेलेले. बहीण रडली. आईचे पातळ तिला ओळखू यायचे ते काठावरून. लहानपणी झोपताना ती आईचा काठच बोटाला गुंडाळून झोपायची.

तेव्हापासून आम्ही या प्रकरणात शिरलो. म्हटलं, हे काठ कापणे नवीन की जुने? पूर्वी काय करत?

शब्दापासून सुरुवात करू. पुण्याकडे गोधडी, कोल्हापूर-कोकणाकडे वाकळ. मोल्सवर्थच्या कोशात दोन्ही शब्द सापडतात, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची आहे. गुजरातीत गोदडी, हिंदीत गुदडी. कन्नडमध्ये कौदी, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात राहणारे सिद्दी लोक हिला कवंदी म्हणतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज; त्यांतले बरेचसे गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामीतून निसटून घाटावरच्या जंगलात आले. त्यांच्या कवंदीला चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले कापडाचे त्रिकोण असतात. त्यांना ते ‘फुलं’ म्हणतात. फुलं नसली तर कवंदी उघडी समजतात. संस्कृतात शब्द आहे कंथा. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती संन्याशाच्या अंगावर येते, आणि बंगालीत तीच कांथा होते.

आता एक घोटाळा दूर करू, कारण शहरी मुलांचा तो हमखास होतो. घोंगडी वेगळी, गोधडी वेगळी. घोंगडी मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली. ती विकत घ्यायची वस्तू. गोधडी सुती, जुन्या कापडाचे थर एकावर एक टाकून धावदोऱ्याने शिवलेली. मधे कापूस भरला की ती रजई झाली. खऱ्या गोधडीत भरणा नसतो. कापडच कापडाचा भरणा.

या दोघींच्या शेजारी तिसरी एक आहे, पासोडी, म्हणजे जाड दुहेरी पांघरूण. बुधवार पेठेतला पासोड्या विठोबा तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच्या देवळासमोर पासोड्यांचा बाजार भरायचा, म्हणून हे नाव, असे पुण्यात सांगतात. आणि पासोडीचे दफ्तर झाल्याचे एक उदाहरण आपल्याकडे आहे! अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी अजून आहे. पण लक्षात घ्या, ती टिकली कारण तिच्यावर अक्षरे होती. ज्या पासोड्या नुसत्या पांघरल्या गेल्या त्या गेल्या.

आता गणित. इतिहासात गणित आले की श्रोते घड्याळ बघतात, पण हे सोपे आहे.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. पन्हा साधारण सव्वा वार. त्याचे चार तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटर लांब. म्हणजे एका माणसाला पुरेल अशा गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. पाचवारी पातळातून निघतात दोन. बाईच्या अंगावरचे कापड नऊ वारांवरून पाचवर आले, याची चर्चा आपण पोशाख, शिक्षण, सुधारणा या अंगाने पुष्कळ करतो. पण त्याचा एक परिणाम कोणी मोजत नाही. घरातल्या पांघरुणाचा पुरवठा निम्म्यावर आला.

दुसरे गणित टाक्यांचे. एका बोटाच्या अंतरावर, म्हणजे दोन सेंटीमीटरवर एक ओळ धरा. सव्वा वार रुंदीत सत्तावन्न-अठ्ठावन्न ओळी बसतात. प्रत्येक ओळ दोन मीटरची. एकूण चाल एकशे पंधरा मीटरच्या जवळ जाते. टाका आणि मधली जागा मिळून एक सेंटीमीटर धरला तर अकरा हजारांवर टाके! हे सगळे स्वयंपाक, पाणी, पोरे सांभाळून उरलेल्या वेळात. उन्हाळ्यात दुपारी ओसरीवर गोधडी पसरायची, चारी बाजूंनी चौघी बसायच्या, आणि कडेकडेने आत सरकत यायचे. कोणी सरळ ओळी घालत, कोणी चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत पोचत. ज्या घरात चौघी नसत तिथे एकटीच महिना-दोन महिने पुरवायची.

आणि काठ? काठ कापत नसत, कारण काठ हा लुगड्याचा सर्वात मजबूत भाग. अंग विरते, काठ टिकतो. म्हणून लुगडे फाटले की काठ वेगळा काढून कडेला फिरवत. गोधडी आधी फाटते ती कडेला, धरून ओढल्यामुळे. तिथे काठ. आमच्या बहिणीला जे भावनेने हवे होते, ते जुन्या बायका निव्वळ व्यवहार म्हणून करत होत्या.

हा सगळा उद्योग का, तर कापड महाग होते म्हणून. हातमागाच्या काळात लुगडे ही वर्षाची खरेदी. मग गिरण्या आल्या. मुंबईत १८५४ साली कावसजी दावरांनी पहिल्या गिरणीचा पाया घातला, १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल आणि सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली, १९०४मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला. कापड स्वस्त झाले. मग गोधडी संपायला हवी होती, नाही का? पण झाले उलटे. लोक कापड जास्त वापरू लागले, म्हणून जुनेरही जास्त उरू लागले. आज जी रंगीबेरंगी ठिगळांची गोधडी आपण परंपरा म्हणून दाखवतो, ती आमच्या मते गिरणीच्या कापडाचीच लेक आहे. छापील चीट, पॉपलीन, शर्टाचे पट्टे हे सारे गिरणीने दिले. हे म्हटले की काही मंडळी नाराज होतात. व्हावे लागेल.

१९०५ हे साल इथे थोडे थांबण्यासारखे आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात तरुण सावरकरांच्या पुढाकाराने परदेशी कपड्यांची होळी झाली. त्याचे स्मारक आपल्या कर्वे रस्त्यावरच, येता-जाता दिसते. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत तिकडे वऱ्हाडात डेबूजी झिंगराजी जाणोरकर नावाचा परीट घर सोडून बाहेर पडला. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र. लोक त्याला गोधडेबुवा म्हणू लागले. पुढे हातातल्या गाडग्यावरून गाडगेबाबा. एकीकडे कापड जाळून केलेले राजकारण, दुसरीकडे चिंध्या पांघरून केलेले. दोन्हींची तुलना करून गुण देण्याची आमची इच्छा नाही. एवढेच डोक्यात येते की होळीत टाकायला अंगावर दुसरा कोट असावा लागतो. मँचेस्टरची धोतरे घराघरांतल्या गोधड्यांच्या पोटात शिवलेली असणार, ती काढून होळीत टाकायला कोण उसवत बसणार होते?

महायुद्धात परिस्थिती पुन्हा फिरली. १९४३ साली सरकारने सुती कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणले. कापडासाठी रांगा, काळाबाजार. आमच्या आजीची जी गोधडी घरात आहे ती त्या काळातली, म्हणजे तिचा बाहेरचा थर नव्हे, आतला. कारण गोधडी जुनी झाली की टाकत नसत. तिच्यावरच नवे जुनेर घालून पुन्हा शिवत. म्हणून गोधडी वाचायची ती उत्खननासारखी, वरून खाली. आमची एका कोपऱ्यात वीतभर फाटली आहे, तिथून बोट घालून पाहिले. वर आईच्या वेळची फुलाफुलांची चीट. खाली पाचवारी पातळ, बहुधा आत्याचे. त्याखाली निळ्याकाळ्या इरकलीचा तुकडा, हे आजीचे. आणि सर्वांत आत जाडेभरडे पांढरे कापड, त्यावर कुठल्या तरी कंट्रोलच्या ठाणाचा अर्धवट शिक्का. चार थर, तीन बायका, आणि मधे कुठेही कोणाचे नाव नाही.

इथे आजच्या विषयाचा खरा पेच आहे. आपण आज ‘आठवणींची गोधडी’ म्हणतो. पण आजीने ती आठवण म्हणून शिवली होती का? आमचे उत्तर, नाही. तिने ती थंडीसाठी शिवली. जुन्या गोधडीत आठवण होती, पण ती हेतू म्हणून नव्हती. एक अपवाद मात्र आहे, दुपटे. बाळंतविड्यात नवी झबली, टोपडी, कुंची असत, पण दुपट्याला मुद्दाम आजीचे किंवा पणजीचे मऊ लुगडे शोधत. कारण सांगत ते मऊपणाचे. मऊपणा तर कोणत्याही जुनेराला असतो! तरी माणूस पाहून लुगडे निवडत. दीर्घायुषी, लेकुरवाळ्या बाईचे. इथे कापडाबरोबर आणखी काही जायचे, हे सर्वांना कळत होते.

गेलेल्या माणसाच्या कपड्यांबद्दल घरोघरी वेगळा रिवाज. कुठे सगळे दान करून टाकत, कुठे एखादे लुगडे मागे ठेवून गोधडीत घेत. दान केलेले कपडे ज्यांच्या अंगावर जात, त्यांच्या गोधड्यांत मग दुसऱ्यांच्या घरची माणसे झोपायची. गावच्या उतरंडीत खालच्या घरांच्या वाकळेत वरच्या घरांची लुगडी असत, याच्या उलट कधीच नसे. गोधडीकडे समतेचे प्रतीक म्हणून बघणाऱ्यांनी हे विसरू नये.

आता कोथरूडकडे येऊ. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथे शेते, खाणी आणि पौडकडे जाणारा रस्ता. मुठेचा डावा कालवा वारज्याकडून कर्वेनगर-एरंडवण्याच्या बाजूने येई. आज त्यावर रस्ता आहे, पण पत्ता सांगताना लोक अजून कॅनॉल रोडच म्हणतात. घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुवायचे ही आपली जुनी रीत. नदी-कालव्याच्या काठी पितृपंधरवड्यात गोधड्यांचे वाळवण पडायचे. भिजलेली गोधडी एकटीला पिळता येत नाही; दोघींनी दोन टोके धरून उलटसुलट पीळ घालायचा. तेवढ्यावरून जावा-जावांची भांडणे मिटली आणि लागलीही.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत पेठांतले वाडे सोडून मध्यमवर्ग इकडे ब्लॉकमध्ये राहायला आला. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी. त्याच सुमारास मुळशीकडून, आणि १९७२च्या दुष्काळानंतर लांबूनही, कष्टकरी माणसे आली ती केळेवाडी, सुतारदरा, किष्किंधानगर अशा टेकडीच्या उतारांवर. खालच्या ब्लॉकमध्ये गोधडी दिवाणाच्या खणात गेली. वर सोलापुरी चादर आली. साड्याही बदलल्या, नायलॉन, टेरिकॉट. ते कापड घाम पीत नाही, घसरते, ऊब धरत नाही; गोधडीत त्याचा उपयोग शून्य. मग ते बोहारणीकडे. जुन्या साड्या द्या आणि स्टीलचे पातेले घ्या. आमचे तर मत असे की गोधडी मारली ती गिरणीने नव्हे. नायलॉन आणि स्टीलच्या पातेल्याने. त्या काळातल्या घासाघिशीच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत, त्यात शिरत नाही, नाहीतर आठ वाजतील.

आणि तिला परत आणली कोणी? एअर कंडिशनरने! दुलई जड होते, चादर पुरत नाही, मग खणातून गोधडी निघते. एरवी हिवाळ्यातले पांघरूण आता एप्रिल-मेमध्ये लागते. त्याच्या जोडीला परदेशातली मुले. आईची साडी तिकडे नेसणार कोण? गोधडी मात्र बॅगेत बसते.

बाहेरच्या जगातही एक नजर टाकू. बंगालच्या कांथेवर चित्रे आणि क्वचित नावेही भरतात, म्हणून ती संग्राहकांच्या डोळ्यांत भरली. स्टेला क्राम्रिश यांनी जमवलेल्या कांथा आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहेत. आपल्या गोधडीवर नुसत्या ओळी, तिला कोण नेणार? अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे काळ्या शेतमजुरांचे गाव आहे. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. गुडघ्यांवर विटलेल्या पँटी तशाच दिसतात. हेतू दोन्ही होते. त्याची आठवण ठेवायची आणि तिच्याखाली झोपायचेही. आणि ऑक्टोबर १९८७मध्ये वॉशिंग्टनला एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी मैदानात पसरली, १९२० तुकडे. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, कबरीएवढा. ती मात्र पांघरण्यासाठी नव्हतीच. सरकारला दिसावी म्हणून होती.

म्हणजे आठवणीची गोधडी हा काही दुकानदारांनी काढलेला खोटा प्रकार नाही. आम्ही आधी जरा तुसडेपणाने तसे म्हणत होतो, ते मागे घेतो.

राहिली आमची घरगुती भानगड. उरलेली तीन पातळे घेऊन आम्ही केळेवाडीच्या उतारावर राहणाऱ्या एका मावशींकडे गेलो. त्या गोधड्या हाताने शिवतात. पातळे त्यांनी उलगडली, उजेडासमोर धरून विरलेल्या जागा पाहिल्या, आणि पहिला प्रश्न विचारला, ‘दादा, वापरायची का ठेवायची?’

आम्हाला वाटले, काही गहन विचारत आहेत. तसे नव्हते. ‘ठेवायची असंल तर लांब टाका घालते, दिसायला बरी, पैसं बी कमी. वापरायची तर बारीक घालावा लागंल. धुतल्यावर सुटाय नको.’

आम्ही भावंडे एकमेकांकडे बघत राहिलो. दुकानातली गोधडी बहिणीकडे कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत आहे. शेवटी बहीणच म्हणाली, ‘वापरायची.’

मग मावशी म्हणाल्या, तीन पातळांत दम नाही, मधे घालायला घरातली एखादी जुनी गोधडी आणा. आम्ही आजीचीच नेऊन दिली, ती फाटक्या कोपऱ्याची. इतिहासाच्या माणसाने खरे तर ती जपून ठेवायला हवी होती, फोटो काढून, थर मोजून. फोटो काढले. थर मोजले. मग दिली. मजुरी ठरवताना त्यांनी सांगितलेला आकडा आम्ही वर केलेल्या अकरा हजार टाक्यांनी भागून पाहिला आणि घासाघीस न करता थोडा वाढवून दिला. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र गोधडी दिसली नाही. कॉटवर ब्लँकेट होते, नवे, झिपच्या पिशवीतले. विचारले तर हसल्या. ‘आमच्याकडं सुती कोण नेसतंय आता?’ म्हणाल्या.

गोधडी दीड महिन्याने मिळाली. चारी कडांना आईचे काठ फिरवलेले आहेत, कोपऱ्यांत दुमडून दुहेरी केलेले. यंदा घटस्थापनेआधी ती पहिल्यांदा धुतली. मशीनमध्ये मावेना, म्हणून गच्चीवर बादलीत. एका काठाचा तांबडा रंग थोडा उतरला आणि शेजारच्या पांढऱ्या अंगावर पसरला. बहीण आणि आम्ही दोन टोके धरून पिळत होतो. आमचा पीळ तिच्याच दिशेने जात होता, तर ती ओरडली, ‘अरे, उलटा!’

प्रश्न असतील तर आता घेऊ. मागे कोणीतरी हात वर केला आहे.